मे महिन्यातलं गवत

जूनमधला पहिला मोठा पाऊस ओसरला की मी छत्री घेऊन पारसिकच्या डोंगरावर जाते. बेलापूरला आमच्या इमारतीमागून एक पायवाट वर चढते. दहा मिनिटांत गच्च्यांवरच्या पाण्याच्या टाक्या पायाखाली येतात, आणखी थोडं चढलं की खाडी चकाकताना दिसते. त्या वाटेच्या डाव्या हाताला सतरंजीएवढा एक तुकडा आहे. एका वर्षी मार्चमधल्या वणव्यात तो जळाला होता. पहिल्या पावसाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मी तिथं उकिडवी बसले आणि कितीतरी वेळ उठलेच नाही.

जमिनीवर मातीचे बारीक खांब उभे होते, करंगळीच्या पेराएवढे. प्रत्येकाच्या डोक्यावर एक खडा, हरभऱ्याएवढा नाहीतर वाटाण्याएवढा. एके ठिकाणी जळकी काडी आडवी पडली होती आणि तिच्याखाली तिच्याच लांबीची मातीची भिंत तयार झाली होती. खडा ज्या मातीवर बसला होता तेवढी माती वाचली होती, भोवतालची थेंबांनी उडवून नेली होती. खांब वर आलेच नव्हते, जमीन खाली गेली होती. एका रात्रीत, पेरभर.

तिथून चार पावलांवर आग पोचली नव्हती. तिथं गेल्या वर्षीचं गवत वाळून आडवं झालेलं, भिजून जमिनीला चिकटलेलं. केसांचा भांग पाडावा तसं मी ते बोटांनी बाजूला केलं. खाली माती जशीच्या तशी होती, रवाळ आणि ओलसर. मुंग्यांनी बिळाच्या तोंडाशी काढून ठेवलेली कणी कणी मातीसुद्धा जागेवर होती. उतार तोच, माती तीच, रात्रीचा पाऊसही तोच.

मी २६ वर्षं शाळेत भूगोल शिकवला. ‘जमिनीची धूप कशी थांबवता येईल?’ या प्रश्नाला ‘झाडे लावून’ असं उत्तर आलं की मी पूर्ण गुण देत असे. ते उत्तर चुकीचं नाही. पण त्या सकाळी मला कळलं की आपण ज्याला झाडं म्हणतो त्यांच्यातलं एकही त्या चार पावलांच्या अंतरात नव्हतं. जे होतं ते मेलेलं, वाळलेलं गवत होतं. आम्ही सगळे त्याला कचरा समजत होतो.

बेलापूरला आम्ही राहायला आलो १९९३ साली. लोकल आदल्या वर्षी वाशीपर्यंत आली होती, त्या वर्षी बेलापूरपर्यंत पोचली. ठाण्याहून कल्याणकडे जाताना लांब पल्ल्याची गाडी पारसिकच्या बोगद्यात शिरते, तो बोगदा याच डोंगररांगेच्या उत्तरेकडच्या अंगाला. तिथून रांग दक्षिणेला येत येत बेलापूरपाशी संपते. पश्चिमेला एमआयडीसी आणि नवी मुंबई शहर. या शहराची कितीतरी खडी याच डोंगराच्या पोटातून निघाली, त्या खाणींच्या उभ्या भिंती अजून दिसतात. डोंगर काळ्या दगडाचा, थरावर थर. वरचा दगड कुजून त्याचा मुरूम झालेला आणि मुरमावर मातीची कातडी. कुठं हातभर, कुठं वीतभर, कुठं तेवढीही नाही. वर्षाला दोन हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो, तोही जवळजवळ सगळा चार महिन्यांत. एवढ्या पावसात ती वीतभर कातडी इतकी वर्षं टिकून आहे याचंच आता मला नवल वाटतं.

२६ जुलै २००५ चा दिवस मुंबईकर विसरणार नाहीत. सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला. त्या संध्याकाळी आमच्या इमारतीच्या मागच्या भिंतीवरून पाणी आत आलं, दाट चहासारखं. तळमजल्यावरच्या घरांत रात्रभर बादल्या चालल्या होत्या. सकाळी आवारात घोट्याएवढा मुरूम साचला होता आणि त्यात कुणाच्या तरी लहान मुलाची एक चप्पल रुतली होती. वर पाहिलं तर डोंगराच्या हिरव्या अंगावर दोन ताजे लाल ओरखडे. एक जिथं गाड्यांसाठी डोंगराचा पाय खरवडला होता त्याच्या बरोबर वर, दुसरा कच्च्या रस्त्याच्या कडेला.

ते दोन्ही ओरखडे माणसानं जिथं कापलं होतं तिथंच होते, हे मी तेव्हा पाहिलं आणि तरी त्याचा अर्थ लावला नाही. माझ्या डोक्यात उत्तर आधीच तयार होतं. आम्ही पाच-सात जणांनी ठरवलं, डोंगरावर झाडं लावायची.

दोन वर्षं आम्ही जीव तोडून काम केलं. रोपं मिळतील ती आणली, त्यात गिरिपुष्प, सुबाभूळ, गुलमोहर, शिवण असं सगळं होतं. सोप्या उतारावर लावलेली बरीचशी जगली. मग उत्साहाच्या भरात आम्ही अगदी उभ्या चढावर गेलो आणि तिथं दोन-दोन फुटांचे खड्डे खणले, जवळजवळ, ओळीनं. त्या जुलैत तीन दिवस सतत पाऊस लागला. तिसऱ्या रात्री ती पूर्ण पट्टी खाली आली. रोपं, त्यांना बांधलेल्या काठ्या, खड्डे, सगळं एका ढिगात, खालच्या नाल्याच्या तोंडाशी. त्याखाली कुणी माणूस गाडला गेला नाही म्हणून ही गोष्ट आज लिहू शकते. पण तो उतार आमच्या हातून गेला, हे मला आजही सलतं.

काय झालं ते नंतर समजलं. पाणी मातीतून झिरपत खाली जातं आणि थोड्याच खोलीवर अखंड दगडाला भेटतं. दगड त्याला आत घेत नाही, मग ते दगडावरून उताराच्या दिशेनं सरकायला लागतं. वरची माती भिजून जड झालेली, खालचा दगड ओला, आणि मधल्या पाण्याचा दाब मातीला उचलून धरतो. मातीचा दगडावरचा पाय सुटतो. आमच्या खड्ड्यांनी त्या पाण्याला आत जायला आयती दारं करून दिली होती. सपाट माळावर खड्ड्यात पाणी मुरवणं पुण्याचं काम आहे. उभ्या उतारावरच्या पातळ मातीत तेच काम उलटतं.

हे मला पहिल्यांदा समजावलं ते मावशींनी. मावशी खारघरच्या डोंगरावरच्या एका पाड्यावरून येतात, ठाकूर समाजाच्या. पावसाळ्याच्या तोंडावर शेवळं, मग टाकळा, कुर्डू, फोडशी अशा रानभाज्या घेऊन बाजारात बसतात. माझी त्यांची ओळख भाजीची. एकदा त्या माझ्याबरोबर ती घसरलेली पट्टी पाहायला आल्या. बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, “बाई, ही जागा खड्ड्याची नव्हं. इथं गवतच पायजे. झाड पायजेल तर खाली लावा, धारेला लावा. मधी नको.”

“पण मावशी, झाडाची मुळं माती धरतात ना?”

“धरत्यात की. मोठी झाल्यावर. तवर कोण धरील?”

मावशींचं माहेर वरकस जमिनीचं, म्हणजे डोंगरउतारावर नाचणी-वरी पिकवणारं. तिथं शेताच्या खालच्या अंगाला दगडांची ओळ आणि गवताची पट्टी ठेवायची पद्धत होती, असं त्या सांगतात. वाहून येणारी माती तिथं अडते. कुणी त्याला योजना म्हटलं नव्हतं. माती गेली तर नाचणी कशात पेरणार, एवढाच साधा हिशेब.

तेव्हापासून मी मावशींच्या ‘तवर कोण धरील’ या प्रश्नाच्या मागे लागले आणि डोंगर निराळ्या नजरेनं पाहायला लागले. पावसाचा मोठा थेंब ढगातून येताना ताशी तीसेक किलोमीटर वेगानं जमिनीवर आदळतो. उघड्या मातीवर तो फुटतो तेव्हा कण उडवतो. पावसाळ्यात घराच्या भिंतीवर गुडघाभर उंचीपर्यंत जे मातीचे शिंतोडे दिसतात ते त्याचेच. उडालेले बारीक कण मातीच्या छिद्रांत बसतात, वर एक गुळगुळीत पापुद्रा धरतो, मग पाणी आत जाईनासं होतं आणि वरून धावायला लागतं. धावत्या पाण्याचे आधी ओघळ होतात, ओघळांची घळ. या सगळ्याची सुरुवात थेंब उघड्या जमिनीला लागण्यापासून होते, आणि ती सुरुवात रोखायला जमिनीलगत काहीतरी पसरलेलं लागतं. उंच झाड तिथं पुरेसं पडतंच असं नाही. सागाखाली उभं राहिलं की हे नीट कळतं. ताटाएवढ्या पानांवर पाऊस गोळा होतो आणि देठाकडून टपोऱ्या थेंबांनी खाली येतो, पागोळ्यांसारखा. पान आठ-नऊ मीटर उंचीवर असेल तर तो थेंब जवळपास आभाळातून आल्याच्याच जोरानं आपटतो, आणि आकारानं मोठा म्हणून जास्त लागतो. खाली पाचोळा असेल तर काही बिघडत नाही. पाचोळा जाळला किंवा झाडून नेला असेल तर सागाखालची माती जवळजवळ उघड्या जमिनीइतकीच जाताना मी पाहिली आहे.

पाहिली आहे म्हणजे मोजली आहे, माझ्यापुरती. हार्डवेअरच्या दुकानातून सहा इंची खिळे आणि वॉशर आणले. खिळ्यात वॉशर अडकवून खिळा जमिनीत असा ठोकायचा की वॉशर मातीला टेकेल आणि डोकं थोडं वर राहील. पावसानं माती नेली की वॉशर तिच्याबरोबर खाली उतरतो, खिळ्याचं डोकं आणि वॉशर यांच्यातलं अंतर वाढतं, ते पट्टीनं मोजून वहीत लिहायचं. जळक्या तुकड्यात पाच, गवतात पाच, झाडलेल्या सागाखाली पाच, पाचोळा असलेल्या गिरिपुष्पाखाली पाच. जुलैच्या मध्यावर जळक्या तुकड्यातले खिळे बोटभर उघडे झाले होते. सागाखालचे त्याहून थोडे कमी. गवतातले मला आधी सापडेचनात. एकावर तर वरून आलेली माती साचून वॉशर गाडला गेला होता.

आणखी एक गोष्ट त्या वहीतून लक्षात आली. जळक्या तुकड्यातली बहुतेक माती पहिल्या तीन-चार आठवड्यांत गेली. जुलै उजाडेपर्यंत तिथंही कोवळं गवत, तेरडा, टाकळा वर आला आणि नंतरच्या त्याहून मोठ्या पावसातही खिळे फारसे हलले नाहीत. म्हणजे डोंगराची खरी परीक्षा मृगाच्या पावसात असते, अंगावर हिरवं काहीच नसतं तेव्हा. त्या वेळी उपयोगाला येतं ते आदल्या वर्षीचं वाळलेलं गवत, त्याची सडं, पाचोळा, आणि जमिनीखाली ठोंब धरून बसलेली केसासारखी मुळं. आपण वृक्षारोपण करतो जुलैत. डोंगराचा निकाल बराचसा मार्च ते मेमध्ये लागून गेलेला असतो.

आणि मार्च ते मेमध्येच आमचा डोंगर जळतो. पारसिकही जळतो, खारघरचाही. रात्री बाल्कनीतून पाहिलं तर आगीची नारिंगी रेघ सरकताना दिसते. लहान मुलं कौतुकानं बोट दाखवतात. काही आगी विडी-सिगारेटच्या, काही कचरा पेटवल्याच्या, काही मुद्दाम लावलेल्या. ‘जाळलं की नवं गवत जोमानं येतं’ हा समज जुना आहे. मावशी स्वतः सांगतात की त्यांच्या लहानपणी गुरांसाठी जाळायचे. गवत वरून हिरवं दिसतं हे खरं, पण दरवर्षी जाळलं की झुडपं आणि झाडांची पिलं जातात, आगीला पुरून उरणाऱ्या जातीच तेवढ्या राहतात आणि माती दर जूनला उघडी पडते. कापलेलं गवत वेगळं. विळ्यानं कापलं तर बोटभर सडं राहतात, मुळं राहतात, गुरांना वैरणही होते.

म्हणून आता आमचं मोठं काम दिवाळीनंतर सुरू होतं. वाटेच्या दोन्ही बाजूंना चार-पाच हात रुंदीची पट्टी विळ्यानं कापून साफ करायची, म्हणजे आगीला पलीकडे उडी मारता येत नाही. वनखात्याची माणसं याला जाळरेषा म्हणतात. मावशी आणि त्यांच्या पाड्यावरच्या आणखी तिघी मजुरी घेऊन हे काम करतात आणि कापलेलं गवत घेऊन जातात. कुठं धूर दिसला की फोनाफोनी होते. ओल्या डहाळ्यांनी आग झोडपायची, वाऱ्याच्या पाठीमागून. एका एप्रिलमध्ये आम्ही अकरा जणांनी रात्री एक वाजेपर्यंत झोडपून अर्धी धार वाचवली. वाचलेल्या आणि जळालेल्या भागांतला फरक जूनमध्ये नाल्याच्या पाण्यात दिसला. एका ओघळातून येणारं पाणी गढूळ, शेजारच्या ओघळातलं जवळजवळ नितळ.

जिथं उतार उघडा पडलाच आहे तिथं आम्ही वाळा लावला. आपण माठात मुळांची जुडी टाकतो तोच वाळा. त्याची मुळं आडवी पसरत नाहीत, सरळ खाली जातात, दोन-तीन मीटरपर्यंत, आणि वरचे ठोंब एकमेकांना भिडून दाट कुंपण होतं. पाणी त्यातून गाळलं जातं आणि माती मागे राहते. कर्नाटकात गुंडलुपेटकडचे शेतकरी पिढ्यान्‌पिढ्या शेताच्या बांधावर वाळा लावत आले. १९८० च्या दशकात जागतिक बँकेच्या माणसांनी हेच गवत जगभर नेलं. कोकण रेल्वेच्या खोदाईतल्या उतारांवरही ते लावलेलं आहे. लावायची पद्धत सोपी, पण ओळ अगदी समपातळीत हवी, नाहीतर पाणी ओळीच्या कडेनं धावून तिथंच नवी घळ पाडतं. आमच्यातल्या एका निवृत्त गवंड्यांनी तीन काठ्यांची इंग्रजी ‘ए’ अक्षरासारखी चौकट बांधली, वरच्या टोकाला दोरीनं ओळंबा लटकवला. चौकटीचे दोन पाय उतारावर टेकवायचे, ओळंब्याची दोरी मधल्या खुणेवर आली की दोन्ही पाय एकाच उंचीवर. तिथं खुंटी मारायची आणि पुढचं पाऊल टाकायचं. खड्डे नाहीत, फक्त कुदळीच्या टोकानं चीर पाडायची आणि वीत-वीत अंतरावर फुटवे खोचायचे. दुसऱ्या पावसाळ्यात ओळींच्या वरच्या अंगाला माती साचून लहान लहान पायऱ्या झाल्या. त्या पायऱ्यांवर आता कुडा आणि धायटी आपणहून आली आहेत. आम्ही लावलेली नाहीत.

इथं थांबून एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी, कारण अलीकडे लोक मला विचारतात, ‘बाई, वाळा लावला की दरड थांबेल का?’

१९ जुलै २०२३ च्या रात्री खालापूर तालुक्यात इर्शाळवाडीवर दरड कोसळली. २७ मृतदेह हाती लागले, ५७ माणसं बेपत्ता राहिली आणि चार दिवसांनी शोध थांबवावा लागला. आमच्या मावशींच्याच समाजाची वस्ती. त्या आठवड्यात मावशी बाजारात आल्या नाहीत. तो डोंगर बोडका नव्हता, हिरवा होता. जेव्हा दगडमातीचा जाड थर खोलवरून सुटतो तेव्हा तुटण्याची जागा मुळांच्या पोचेपलीकडे असते. मग गवत, झुडूप, झाड सगळं त्या थरावर बसून खाली येतं. झाडं पाणी शोषतात हेही खरं, पण चार दिवस ऊन नसताना, पानं सतत ओली असताना ती फारसं पाणी ओढत नाहीत, आणि धोका नेमका त्याच दिवसांत असतो. झाड कातडी धरतं. हाड मोडलं तर ते काय करणार?

माझी एक विद्यार्थिनी हाँगकाँगला असते. तिनं तिथल्या उतारांचे फोटो पाठवले होते. सिमेंट-चुन्याच्या गिलाव्यानं लिंपलेले डोंगर, आणि त्या गिलाव्याला तिथं नाव ‘चुनम’, आपल्याकडच्या चुन्यावरून गेलेलं. १९७२ आणि १९७६ मध्ये तिथं साउ माउ पिंगला दरडी कोसळून बरीच माणसं गेली, तेव्हा १९७७ साली उतारांवर लक्ष ठेवायला सरकारनं स्वतंत्र कार्यालय काढलं. आता ते गिलाव्याऐवजी हिरवळ पसंत करतात, पण आधी उतार तपासतात, पाण्याला बाहेर पडायला वाट करतात, गरज असेल तिथं लोखंडी सळ्या आत ठोकतात, आणि मग वर झाडं. हा क्रम मला महत्त्वाचा वाटतो. डोंगराचा पाय खरवडून इमारत उभी करायची आणि वर चार रोपं लावून फोटो काढायचा, ही त्या डोंगराखाली झोपणाऱ्या माणसांची फसवणूक आहे. पाय कापलेला असेल तर आधी अभियंता बोलवा, भिंत आणि पाण्याची वाट करा, आमचा वाळा त्याच्यानंतर.

झाड तोडल्याचा परिणामही उशिरा दिसतो. तोडलं त्या पावसाळ्यात काही होत नाही, कारण मुळं आत शाबूत असतात. ती कुजतात तीन-चार वर्षांनी. तोवर तोडणारा विसरलेला असतो आणि घसरलं की दोष पावसाला जातो.

डोंगरावरून गेलेली माती कुठं जाते, हे पाहायला मी एकदा नाल्याच्या काठानं चालत खाली गेले. हे शहर खाडीकाठच्या सखल जमिनीवर वसवताना सिडकोनं धारण तलाव केले, डच लोकांच्या धर्तीवर. भरतीच्या वेळी पावसाचं पाणी त्यांत थांबावं आणि ओहोटीला खाडीत जावं अशी योजना. त्या तलावांत वर्षानुवर्षं गाळ साचला आणि गाळावर तिवरं उगवली. तिवरांना कायद्याचं संरक्षण आहे, आणि असायलाच हवं. पण म्हणून गाळ काढणं अडून बसलं आणि तलावांत पाणी मावेनासं झालं. तलावाच्या काठावर उभं राहून मी तो गाळ पाहिला. तो लाल-तपकिरी रंग माझ्या ओळखीचा होता. जळक्या तुकड्यातल्या खांबांचा, २००५ मध्ये आमच्या आवारात आलेल्या पाण्याचा. वर गवत जळलं त्याची ही दुसरी बाजू, समुद्रसपाटीला.

यंदा मेमध्ये आमची धार वाचली. एका बाजूनं आग आली होती, कापलेल्या पट्टीपाशी येऊन विझली. पहिल्या पावसानंतर मी आणि मावशी वर गेलो. त्यांना आता चढताना दम लागतो, दर वळणावर बसतात. सतरंजीएवढ्या त्या तुकड्यावर गेल्या चार वर्षांत आग आलेली नाही. गुडघाभर वाळलेलं गवत आडवं झालं होतं, त्यातून फोडशीची हिरवी पाती वर येत होती. मी खिळे शोधत होते, मावशी फोडशी खुडत होत्या. मुळासकट उपटत नव्हत्या, बोटांनी पानं तेवढी खुडत होत्या.

पाचपैकी चार खिळे सापडले. वॉशर इतके गंजलेत की हात लावताच एकाचा तुकडा पडला. दिवाळीच्या आधी नवे आणायचे आहेत, या वेळी जस्ताच्या मुलाम्याचे.